'नाही' म्हणणारं प्रथिन

सरांना लाइट गेलेली आवडायची. त्या काळातल्या भिवंडीत असा दुसरा माणूस शोधून सापडला नसता. लाइट गेली की लूम थांबायचे, शेठ लोक गाळ्याच्या दारात येऊन वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचे, कारागीर ओट्यावर बसून बिड्या पेटवायचे, आणि आमच्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर बॉटनीचे सर खडू हातात घेऊन म्हणायचे, "चला, शांत झालं. आता अवघड ते घेऊ."

कॉलेजच्या मागच्या भिंतीला चिकटूनच लूमची शेड होती. लाइट असली की खटाखट सुरू, ती दोन्ही शिफ्ट. बाकीचे प्राध्यापक ओरडून शिकवायचे आणि आम्हीही ओरडूनच "येस सर" म्हणायचो. सरांना ते जमत नव्हतं. "ओरडून व्याख्या सांगता येते," ते म्हणायचे, "समजावून सांगायला आवाज खाली आणावा लागतो." म्हणून त्यांनी अभ्यासक्रमाचे दोन भाग केले होते. लाइट असताना हजेरी, आकृत्या आणि लॅटिन नावं. लाइट नसताना बाकीचं सगळं. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरातून कापून त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. ते बदललं की सर प्रिन्सिपॉलांकडे आपला तास बदलून मागायला जायचे. एकदा प्रिन्सिपॉल वैतागून म्हणाले, "अहो, लोडशेडिंगवर कॉलेज चालवू का मी?"

सर म्हणाले, "कॉलेज नको. फक्त बॉटनी चालवा."

आम्हाला हा निव्वळ छळ वाटायचा. पंखे बंद, खिडकीतून वारा नाही, गटाराचा वास तेवढा न चुकता येणार. मुली जर्नलच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसायच्या. मी वळ गावाहून सहा आसनी रिक्षात दहावी बसून यायचे, आणि त्या उकाड्यात पहिल्या पाच मिनिटांत मला डुलकी लागायची. सर रागवायचे नाहीत. जवळ येऊन हळूच विचारायचे, "कुठपर्यंत ऐकलं होतंस?" आणि बरोबर तिथपासून सगळ्यांना परत शिकवायचे. अख्खा वर्ग माझ्याकडे खाऊ की गिळू नजरेनं बघायचा. दोनदा असं झाल्यावर मी जागी राहायला शिकले.

सर मूळचे सांगलीकडचे. भिवंडीत कसे येऊन पडले आणि एकटेच का राहिले, हे आम्हाला कधी कळलं नाही आणि विचारायची छातीही झाली नाही. बारा महिने पायात पावसाळी रबरी चपला. खिशात दोन चष्मे, त्यातल्या एकाची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि तो दोरा दर आठवड्याला वेगळ्या रंगाचा, कारण भिवंडीत दुसरं काही कमी पडेल, दोरा पडणार नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीत कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत ते भाताची रोपं लावायचे. बियाणं दर वर्षी विद्यार्थ्यांच्या घरचं. पडघ्याच्या मुलानं पडघ्याचं आणायचं, मी वळचं. प्रत्येक बाटलीवर आमची नावं असायची. एखाद्याचं रोप सुकलं की सर त्याला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना, अशी गंभीरपणे चौकशी करायचे. त्या मुलाला हसावं की घाबरावं कळायचं नाही.

पण कॉलेजात सर प्रसिद्ध होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ते शिकवलेलं मागे घ्यायचे. तास सुरू होताना म्हणायचे, "काल मी तीन गोष्टी सांगितल्या. त्यातली दुसरी मागे घेतो. घरी जाऊन तपासली, चूक निघाली." त्यासाठी एक लाल पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात आपण वर्गात काय काय चुकीचं बोललो आणि त्या वर्षी समोर कोण कोण बसलं होतं, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला की त्याला तिथंच थांबवून दुरुस्ती सांगायची. भाजी घेताना, सलूनमध्ये, एकदा तर म्हणे एकाच्या लग्नात, स्टेजवर, हात मिळवता मिळवता. एक प्राध्यापक त्यांना म्हणाले, "अशानं मुलांचा तुमच्यावरचा विश्वास उडेल."

"उडू दे की," सर म्हणाले, "मग पुस्तक तरी उघडतील."

मी टी.वाय.ला होते त्या वर्षीची गोष्ट. सर महिन्यातून एकदा मुंबईला एका ग्रंथालयात जायचे आणि पिशवी भरून झेरॉक्स घेऊन यायचे. एका सोमवारी ते आले तेच डोळे तारवटलेले. आल्या आल्या म्हणाले, "आज मी फार मोठं मागे घेणार आहे. लाइट जाऊ दे."

नेमकी त्या दिवशी लाइट जाईना. वेळापत्रकात अकराची वेळ होती. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले, लूम आपले चालूच. सर खिडकी ते फळा, फळा ते खिडकी येरझाऱ्या घालत होते. शेवटी झेरॉक्स टेबलावर ठेवून ते सरळ खाली उतरले. आम्ही खिडकीत गर्दी केली. सर मागच्या शेडमध्ये शिरले, आणि थोड्या वेळानं आम्ही जन्मात न ऐकलेली गोष्ट ऐकली. लाइट असताना लूम थांबले. एकेक करत शेवटचाही थांबला.

सर वर आले तेव्हा त्यांच्यामागून शेडचे तरुण मालकही आले. ते सरांचेच जुने विद्यार्थी निघाले. अंगावर कापसाचा भुसा, कपाळाला आठ्या, तरी येऊन शेवटच्या बाकावर मुकाट बसले.

"याला मी चुकीचं शिकवलं होतं," सर आम्हाला म्हणाले, "म्हणून यालाही आणलंय. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक रोपाला ढकलतं, वाढ म्हणून हुकूम सोडतं, असं मी सगळ्यांना शिकवत आलो. साफ चूक."

"सर," शेठ म्हणाले, "वो तो मैं कब का भूल गया."

"विसरलास ते ठीक. पण तू चुकीचं विसरलास. आता बरोबर ते ऐक, मग खुशाल विसर."

वर्ग हसला, शेठही हसले. मग सरांनी आवाज खाली आणला.

"तुझ्या शेडमध्ये मोटर फिरत असते तरी लूम उभा असतो. का? काहीतरी त्याला धरून ठेवतं म्हणून. रोपाच्या पेशीत तसंच एक प्रथिन असतं. त्याचं काम एकच, नाही म्हणणं. वाढीची सगळी तयारी झालेली असते आणि हे मध्ये बसून नाही म्हणत असतं. जिबरेलिन आलं की पेशीतलं दुसरं एक प्रथिन त्याला पकडतं. ती जोडी मिळून या नाही म्हणणाऱ्याला धरते. मग त्याच्यावर एक खूण लागते. खूण लागलेलं प्रथिन पेशी तोडून टाकते. बारीक तुकडे करते आणि ते तुकडे दुसरीकडे वापरते."

"चिंधी," शेठ मागून म्हणाले. "खराब ताग्याला खडूची खूण करतो ना सर आपण. मग तो चिंधीत."

"शाब्बास! खूण करून चिंधीत. बस, जिबरेलिन एवढंच करतं. ढकलत वगैरे नाही. अडवणारं गेलं की रोप आपलं आपण वाढतं. इतकी वर्षं मी त्या रोपावर अन्याय केला."

सरांचा आवाज खरंच जड झाला होता. भाताच्या रोपावर अन्याय केला म्हणून गहिवरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी हात वर केला. "सर, मग ते नाही म्हणणारं प्रथिन पेशीत हवंच कशाला?"

सर खिडकीकडे गेले आणि एक बाटली उचलून आणली. जिबरेलिन फवारलेली रोपं होती ती. हातभर उंच, बारीक, पिवळट, बाटलीच्या कडेवर कलंडलेली. "याच्यात नाही म्हणणारं उरलंच नाही. ही त्याची दशा. उंची आली, दाणा धरणार नाही. म्हणून पेशी ते तोडतेही आणि परत बनवतेही."

"म्हणजे ते बाहेरून येत नाही?"

"छे! बाहेरचं कोण येतंय? पेशीचं पेशीच बनवते."

हे मी वहीत नीट लिहून घेतलं आणि खाली रेघही मारली. त्याचा मला पुढे काडीचा उपयोग झाला नाही, हे सांगायला हवं. अर्ध्या तासासाठी थांबवलेले लूम तासाभरानं सुरू झाले. शेठ जाताना सरांच्या पाया पडून गेले.

त्यानंतर महिन्याभरात सरांनी मला एक फॉर्म आणून दाखवला. पुण्याच्या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा. तिथं हॉस्टेल होतं, चांगली प्रयोगशाळा होती, आणि भातावर काम करणारे लोक होते. "तुझ्यासाठी आणलाय," सर म्हणाले. "भरायचा."

मी खाली बघत म्हणाले, "सर, घरचे नको म्हणतात."

आमच्याकडे मुलीनं हे वाक्य म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे. सहलीला का येत नाहीस, गॅदरिंगमध्ये का नाहीस, एन.एस.एस.च्या शिबिराला का नाहीस, सगळ्याला हे एकच उत्तर चालायचं. बहुतेकींच्या बाबतीत ते खरंच असायचं, त्यामुळे कोणी तपासायला जात नसे. मी मात्र घरी एम.एस्सी.चा चकार शब्द काढला नव्हता. मला भीती वाटत होती. मी एकटी कधी ठाण्याच्या पलीकडे गेले नव्हते. इंग्रजीत दोन वाक्यं सलग बोलले नव्हते. पुण्याच्या मुली कशा असतील, त्यांच्यासमोर मी 'न्हाय' म्हणून गेले तर काय होईल, नापास होऊन परत आले तर गावात तोंड कसं दाखवू, हे सगळं डोक्यात घोळत होतं. घरचे नको म्हणतात म्हटलं की हे कोणाला कळत नव्हतं. शिवाय वर सहानुभूती मिळत होती.

सरांना ते वाक्य फार लागलं. पुढचा आठवडाभर शिकवता शिकवता ते मध्येच थांबायचे आणि गोदामं बांधणाऱ्या बापांवर घसरायचे. तेव्हा वळ आणि पूर्णा या गावांच्या शेतांवर धडाधड गोदामं उभी राहत होती. आमचाही एक तुकडा गोदामाखाली गेला होता, उरलेल्यात बाबा भात लावायचे. "यांनी शेतावर पत्रे घातले," सर म्हणायचे, "आता मुलींच्या डोक्यांवर घालतायत." नाव घेत नव्हते, पण वर्गात सगळ्यांना कळत होतं. मैत्रिणी माझा हात दाबायच्या. आणि मी, ज्या बाबांनी मला कधी कॉलेजला जाऊ नको म्हटलं नव्हतं, उलट रिक्षा चुकली की स्वतः मोटरसायकलवरून सोडलं होतं, त्यांची निंदा मान खाली घालून ऐकून घेत होते. आजही ते दिवस आठवले की मला माझी लाज वाटते.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोणी आभार मानले की त्यांना चालायचं नाही. "आभार नकोत, कुठं चुकलो ते सांग," म्हणायचे. त्यामुळे मी ते कधी मानलेच नाहीत. आता मानते. सर, मी तुमची फार फार ऋणी आहे. आणि कशाबद्दल, तेही सांगते.

फॉर्म पाठवायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, रविवारी, भर दुपारी सर आमच्या दारात उभे राहिले. गोदामात माल घेऊन निघालेल्या एका टेम्पोत बसून आले होते. अंगभर धूळ, हातात पिशवी, पिशवीत दोन बाटल्या. मला बघून म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस. मला वडिलांशी बोलायचंय."

बाबा मागच्या शेतात राब भाजायची तयारी करत होते. पावसाआधी रोपांसाठी जमीन भाजून ठेवतात, तो राब. हाताला शेण आणि पालापाचोळा, तसेच ते आले. "या मास्तर, बसा. उनातानाचे आलाव. अगं, पानी आन."

सर बसले नाहीत. "तुम्ही शेतकरी आहात, म्हणून रोपं घेऊन आलोय," म्हणाले, आणि ती उंच, कलंडलेली रोपं बाबांच्या हातात दिली. 

बाबांनी एक रोप बोटांत धरून पाहिलं. "ह्ये न्हाय टिकायचं. आमच्या राबात बी येतं एखादं, सगल्यांच्या वर मान काढून. आमी उपटून टाकतो."

सर क्षणभर गडबडले. त्यांना बहुधा आधी दुसरी बाटली द्यायची होती. ती त्यांनी घाईघाईनं काढली. औषध देऊन खुजी ठेवलेली रोपं होती, जेमतेम बोटभर. "आणि हे बघा. याच्यात एक नाही म्हणणारं प्रथिन आहे. ते तुटतच नाही, तसंच बसून राहिलंय. म्हणून हे असं राहिलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या घरातलं ते प्रथिन तुम्ही आहात."

"मी?"

"तुम्ही. मुलगी पहिल्या वर्गात येते. पुढं शिकायचं म्हणते. पुण्याचा फॉर्म मी आणून देतो, आणि तुम्ही नाही म्हणता!"

बाबांनी बाटली हळूच ओट्यावर ठेवली. एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मास्तर, मना कोनी इचारलंच न्हाय."

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली. बाहेर एक ट्रेलर मागं येत होता, त्याची पिकपिक तेवढी चालू होती. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पडला. मला म्हणाले, "माझ्या नावानं 'न्हाय' बोललीस तू?"

मला रडू फुटलं. मला सावरायला कोणी पुढं आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात टाकला आणि बाबांसमोर हात जोडले. "मी आठवडाभर वर्गात तुमच्याबद्दल वाईटसाईट बोललो. सगळं मागे घेतो. वर्गातही घेईन."

"काय बोललाव?"

दुसरा कोणी असता तर गुळमुळीत काहीतरी सांगून मोकळा झाला असता. सरांनी शब्दन् शब्द सांगितला, पत्र्यांसकट. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "पत्रे तर घातलेच हायेत, मास्तर. त्ये काय खोटं न्हाय." आणि दोघंही कसनुसं हसले.

तेव्हा कुठं सर खाटेवर टेकले, पाणी प्यायले. माझ्याकडे वळून साध्या आवाजात विचारलं, "भीती कशाची वाटते?"

मी सगळं सांगितलं. इंग्रजी, पुण्याच्या मुली, नापास होणं, परत येणं. आईबाबांसमोर हे बोलताना मला आणखी लाज वाटत होती. माझं झाल्यावर सर स्वतःशीच मान हलवत म्हणाले, "काय मास्तर म्हणायचा मी! पेशीचं पेशीच बनवते, हे तुला शिकवलं. आणि शोधायला तुझ्या वडिलांच्या अंगणात आलो." मग मला म्हणाले, "भीती सगळी घालवायच्या भानगडीत पडू नकोस. ती लागते. सगळी गेली की काय होतं ते तुझ्या वडिलांनी आत्ताच सांगितलं, उपटून टाकावं लागतं. फॉर्म भरण्यापुरती गेली तरी पुरे. पुढची पुढं बघू."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला, पेन काढलं, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि माझं नाव लिहायला सुरुवातही केली. आता सगळं ठरलं, असं मलाही वाटलं.

बाबांनी शेणाचा हात कागदाला लागू नये म्हणून मागं धरला आणि दुसरा हात सरांच्या मनगटावर ठेवला. "थांबा मास्तर."

सर थांबले.

"तुमी फॉर्म आनलाव. मना तुमी इचारलं न्हाय, ते एक बाजूला राहू द्या. पन हिला जायाचं हाय का, ते इचारलं का कोनी?"

सरांनी पेन फॉर्मवरून उचललं. मग म्हणाले, "नाही. मीही नाही विचारलं."

बाबा माझ्याकडे वळले. "बोल. तुला जायाचं हाय?"

आता माझ्यापुढं उभं करायला कोणी उरलं नव्हतं. बाबा नाही म्हणत नव्हते, सर हो म्हणवून घेत नव्हते, आई दारात तांब्या धरून उभी होती. मी हो म्हणाले. आवाज फुटलाच नाही. बाबांनी कान पुढं केला. मग मी परत म्हणाले, आणि सरांच्या हातातलं पेन मागून घेतलं.